युरोपने बदललं, की बदलणारच होतं? युरोपीयकरणाच्या अभ्यासातली हरवलेली कंट्रोल प्लेट

गेल्या महिन्यात ब्लॉगच्या एका वाचकाने त्याचा सिनॉप्सिस पाठवला. शीर्षक होतं, 'युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा सदस्य देशांच्या धोरणांवर झालेला परिणाम : एक चिकित्सक अभ्यास'. वाचून हसू आलं, पण ते त्याला नाही. 'अमुकचा तमुकवर झालेला परिणाम' हा आपल्याकडच्या पीएच.डी.चा ठरलेला साचा आहे आणि तीन वर्षांपूर्वी माझंही शीर्षक याच साच्यातून निघालं होतं. पहिल्याच प्रगती-सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : "हा परिणाम आहे म्हणता, पण ती गोष्ट झालीच नसती तर काय झालं असतं?" मी गप्प. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी केलेल्या मुलीने या प्रश्नावर गप्प बसावं ही खरं तर लाजेची बाब. प्रॅक्टिकलला कंट्रोल प्लेट लावली नाही तर जर्नलवर सही मिळायची नाही, आणि इथे मी कंट्रोलशिवाय सगळा प्रबंध लिहायला निघाले होते.

म्हणून आजचा लेख युरोपीयकरण नावाच्या अभ्यासशाखेवर. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझं काम पिण्याच्या पाण्याच्या जैविक मानकांवर आहे आणि युरोपच्या वाटेला मी त्यामुळेच लागले. आयर्लंडच्या काही सार्वजनिक योजनांच्या आणि खेड्यापाड्यांतल्या समूह पाणीयोजनांच्या पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू सापडत राहिले, आणि २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या देशाला दोषी ठरवलं. हा निकाल वाचल्यावर साधा प्रश्न पडला : बाहेरच्या न्यायालयाने सांगितलं म्हणून सरकार बदलतं का? उत्तर शोधायला गेले तर याच प्रश्नावर अख्खं ग्रंथालय उभं आहे.

थोडक्यात आधी त्या ग्रंथालयाविषयी. १९९४ मध्ये रॉबर्ट लॅड्रेक यांनी फ्रान्सवरच्या एका लेखात युरोपीयकरणाची जी व्याख्या मांडली ती आजही पहिल्या पानावर येते. आपल्या शब्दांत सांगायचं तर, युरोपीय पातळीवरचं राजकारण आणि अर्थकारण हळूहळू देशांतर्गत राजकारणाच्या रोजच्या हिशेबात मिसळून जातं, इतकं की मंत्री, पक्ष, खाती निर्णय घेताना ते गृहीतच धरतात. पुढे २००१ मध्ये मारिया ग्रीन काऊल्स, जेम्स कॅपोरासो आणि थॉमस रिसे यांनी संपादित केलेलं 'ट्रान्सफॉर्मिंग युरोप' आलं आणि या शाखेला एक यंत्र मिळालं. यंत्र सोपं आहे. युरोपची मागणी आणि देशातली चालू पद्धत यांच्यात जेवढं अंतर, तेवढा बदलाचा दबाव. हा दबाव मग देशातल्या संस्था, संघटना, नोकरशाही यांच्यातून गाळून येतो, आणि शेवटी बदल होतो किंवा होत नाही. इंग्रजीत याला 'मिसफिट' म्हणतात, आपण 'विसंगती' म्हणू. चपलेचा नंबर आणि पायाचं माप जुळत नसेल तर चावते, एवढीच गोष्ट.

हे यंत्र वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. 'ब्रसेल्सने हुकूम काढला आणि देश बदलला' या बाळबोध चित्रापेक्षा ते कितीतरी पुढचं आहे. एकच नियम जर्मनीत एका तऱ्हेने आणि ग्रीसमध्ये दुसऱ्या तऱ्हेने का रुजतो हे त्यातून नीट समजतं. पण हे यंत्र ज्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि आपण त्याला जो प्रश्न विचारतो, ते दोन वेगळे प्रश्न आहेत. परिणाम देशागणिक वेगळा का, हे ते सांगतं. परिणाम मुळात युरोपचा आहे का, हे ते सांगत नाही, ते त्यात गृहीत धरलेलं आहे.

त्याच पुस्तकातलं कॅपोरासो आणि जोसेफ जुपिल यांचं स्त्री-पुरुष समानतेच्या धोरणावरचं प्रकरण घ्या. तुलना ब्रिटन आणि फ्रान्सची आहे. काम मेहनतीचं, वाचनीयही आहे. पण दोन्ही देश सदस्य! माझ्या भाषेत सांगायचं तर दोन्ही प्लेट्समध्ये अँटिबायोटिक घातलंय आणि मग कुठल्या प्लेटमध्ये जिवाणू जास्त मेले ते मोजतोय. दोन डोसांची तुलना त्यातून नक्की होते, मात्र जिवाणू औषधानेच मेले हे सिद्ध करायला औषध नसलेली तिसरी प्लेट लागतेच.

हा आक्षेप मी शोधलेला नाही. मार्कस हावरलँड यांनी २००५ मध्ये नेमकं हेच लिहिलं : या शाखेतले बहुतेक अभ्यास फक्त सदस्य देश निवडतात, त्यामुळे 'युरोप' हा घटक सगळीकडे सारखाच राहतो, आणि जो घटक बदलतच नाही त्याचा परिणाम मोजणार कसा? त्याआधी २००० मध्ये क्लाउडिओ राडाएली यांनी ही संकल्पना इतकी ताणली जातेय की तिच्यात सगळंच बसेल, असा इशारा दिला होता. दोन्ही लेख भरपूर उद्धृत होतात. पण उद्धृत करून पुढच्याच परिच्छेदात पुन्हा तेच करणारे प्रबंध मी इतके पाहिलेत की लेखाचं नाव संदर्भसूचीत आलं म्हणजे तो वाचला असं मी आता समजत नाही.

नुसता आक्षेप घेऊन भागत नाही, म्हणून एक प्रकरण तारखांसकट बघू. पुन्हा आयर्लंडच. (आपल्याकडे आयर्लंड म्हटलं की मालवणजवळच्या वराड गावाशी नातं असलेले लिओ वराडकर आठवतात. ते तिथले पंतप्रधान झाले २०१७ मध्ये. ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.)

आयर्लंड १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात गेला. तोपर्यंत तिथे सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की राजीनामा द्यायचा, असा नियम होता. एकाच कामाला पुरुषाला जास्त आणि बाईला कमी पगार ही तर सर्वमान्य रीत होती. १९७३ मध्ये लग्नाचा तो नियम रद्द झाला. १९७४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, १९७७ मध्ये नोकरीतल्या समानतेचा. तक्ता बनवला तर डोळ्यांत भरतो : प्रवेश, आणि पाठोपाठ तीन बदल. समान वेतनाचं तत्त्व १९५७ च्या रोम कराराच्या ११९ व्या कलमातच होतं. विसंगती मोठी, दबाव मोठा, बदल मोठा. यंत्र खटकन लागू पडतं. 'युरोपने आयरिश बाईला न्याय दिला' हे वाक्य तुम्हाला असंख्य ठिकाणी सापडेल.

आता तारखा जरा मागे न्या. प्राथमिक शिक्षिकांसाठीचा लग्नाचा नियम १९५८ मध्येच उठला होता, कारण शिक्षक कमी पडत होते. स्त्रियांच्या स्थितीवर सरकारने आयोग नेमला तो १९७० मध्ये. अध्यक्ष थेक्ला बीअर, त्या देशातल्या पहिल्या महिला खाते-सचिव. या आयोगाचा समान वेतनावरचा अंतरिम अहवाल आला १९७१ मध्ये आणि अंतिम अहवाल डिसेंबर १९७२ मध्ये, म्हणजे प्रवेशाच्या आधी. लग्नाचा नियम काढा, पगार समान करा, हे त्यात लिहिलेलं होतं. आणि समान वेतनाचा युरोपीय निर्देश? तो फेब्रुवारी १९७५ चा. आयरिश कायदा त्याच्या आधीचा!

म्हणजे कार्य आधी आणि कारण नंतर. एवढ्यावरून 'युरोपचा काहीच संबंध नाही' म्हणता येईल का? नाही, कारण प्रवेश होणार हे १९७० पासूनच दिसत होतं, आणि सरकारं पुढचं पाहूनही वागतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाढलेला अभ्यास परीक्षेमुळेच असतो, परीक्षा नंतर असली तरी. पण मग ते तुम्हाला दाखवावं लागेल : आयोग नेमताना, अहवाल लिहिताना, विधेयकावर बोलताना कोण काय म्हणत होतं. तक्त्यातल्या दोन तारखांमधलं अंतर ते सांगणार नाही.

आणि तिसरी प्लेट? ती तर आपल्या घरातच आहे. भारताने समान वेतनाचा अध्यादेश काढला सप्टेंबर १९७५ मध्ये, कायदा केला १९७६ मध्ये. आपल्यावर कुठलं ब्रसेल्स होतं? अमेरिकेत असा कायदा १९६३ चा. खुद्द ब्रिटनने तो केला १९७० मध्ये, समुदायात जाण्याच्या तीन वर्षं आधी. त्या दोन दशकांत युरोपात असलेले आणि नसलेले असे बरेच देश एकाच दिशेने चालले होते.

इथे माझ्याच युक्तिवादावर मला शंका घेतली पाहिजे. देश म्हणजे झाकण लावलेल्या प्लेट्स नव्हेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा समान वेतनाचा करार १९५१ चा, भारताने त्याला १९५८ मध्ये मान्यता दिलेली. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांचं महिला वर्ष. म्हणजे भारत, आयर्लंड, ब्रिटन या सगळ्यांवर एकच वारं वाहत होतं. एका देशातलं दुसऱ्या देशात झिरपतं आणि आपण त्यांना स्वतंत्र नमुने समजून मोजतो, ही गॅल्टनची जुनी अडचण एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. शिवाय आपला कायदा आणि आपल्या शेतमजूर बाईच्या हातात पडणारी मजुरी यांच्यातलं अंतर मी तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे भारत ही कंट्रोल प्लेट अर्धवट दूषित आहे. पण अर्धवट दूषित कंट्रोलही काही सांगतो. इथे तो एवढंच सांगतो की 'युरोप नसता तर असा कायदाच झाला नसता' हे विधान टिकत नाही.

मग युरोपने केलं काय? माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कायदा होण्याच्या नंतरचा आहे, आणि यंत्र वापरणारे तिथे पोचेपर्यंत प्रकरण संपवून मोकळे झालेले असतात.

१९७४ चा आयरिश कायदा अमलात यायचा होता ३१ डिसेंबर १९७५ ला. मधल्या काळात तेलाच्या भाववाढीने जगाची अर्थव्यवस्था बसली, तिजोरीत पैसा नाही, मालकवर्ग कुरकुरतोय. सरकारने माघार घ्यायचं ठरवलं. अंमलबजावणी लांबवणारं दुरुस्ती विधेयक आणलं आणि युरोपीय आयोगाकडे सवलत मागितली. देशात स्त्री-संघटना आणि कामगार संघटना भडकल्या, सह्यांच्या मोहिमा झाल्या. आयोगाने १९७६ मध्ये सवलत नाकारली. सरकारला दुरुस्ती गुंडाळावी लागली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेल्जियमच्या हवाईसुंदरी गॅब्रिएल डेफ्रेन यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की ११९ वं कलम नागरिक थेट आपल्या देशातल्या न्यायालयात वापरू शकतो. या खटल्यात आयर्लंड आणि ब्रिटन या दोन्ही सरकारांनी खर्चाची भीती मांडली होती, आणि न्यायालयाने मागच्या सगळ्या वर्षांच्या थकबाकीचं दार बंद केलं. म्हणजे कलम जिंकलं, जुनी थकबाकी बुडाली. 'न्याय दिला' असं एका वाक्यात लिहिणाऱ्यांनी हाही हिशेब मांडायला हवा.

तर सरकार नेमकं कुठे बदललं? माझं उत्तर असं : पुढे जाण्याची इच्छा देशातून आली, मागे फिरण्याची सोय युरोपने काढून घेतली. एरवी सार्वभौम सरकार स्वतःचा कायदा साध्या बहुमताने लांबणीवर टाकू शकतं. १९७६ मध्ये आयरिश सरकारला ते करता आलं नाही. राष्ट्रीय सरकारवर एकात्मतेचा परिणाम शोधायचा असेल तर तो इथे सापडतो, आणि इथे तो दाखवताही येतो, कारण सरकारने मागितलेलं एक ठरावीक पाऊल आहे आणि त्याला मिळालेला एक ठरावीक नकार आहे. नकार नसता तर काय झालं असतं याचं उत्तर सरकारने स्वतःच विधेयकाच्या रूपाने लिहून ठेवलंय. संशोधकाला याहून चांगला कंट्रोल कुठे मिळणार?

यात एक गाठ आहे, ती सोडवता येत नाही म्हणून मला जास्त आवडते. त्या वेळी आयोगात सामाजिक विषय कोणाकडे होते? पॅट्रिक हिलरी यांच्याकडे. म्हणजे स्वतः आयरिश, आधी डब्लिनमध्ये मंत्री, आणि परराष्ट्रमंत्री म्हणून देशाच्या प्रवेशाच्या वाटाघाटी करणारे. समान वेतनाचा निर्देश त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि आपल्याच देशाला सवलत देऊ नये ही भूमिकाही त्यांची. मग हा 'बाहेरचा' दबाव म्हणायचा की आतला? यंत्रात वर युरोप आहे, खाली देश आहे आणि बाण वरून खाली येतो. हिलरी या बाणाच्या कुठल्या टोकाला काढायचे? ११९ व्या कलमाचंही तसंच. ते करारात आलं फ्रान्समुळे, कारण फ्रान्समध्ये समान वेतनाचा कायदा आधीच होता आणि स्वस्तात बायका राबवणाऱ्या शेजाऱ्यांशी आपल्या कारखान्यांना स्पर्धा करावी लागेल ही त्यांची धास्ती. म्हणजे एका देशाचं धोरण वर गेलं आणि दुसऱ्या देशावर खाली उतरलं. अभ्यासकांना हे माहीत आहे, त्याला 'अपलोड' आणि 'डाउनलोड' अशी नावंही दिलीत. नावं देऊन झाल्यावर आकृती मात्र तीच छापली जाते.

उलटं उदाहरणही आहे. कमी उत्पन्नाच्या प्रदेशांना युरोपचा जो सर्वाधिक निधी मिळे त्याची अट होती, दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली हवं. नव्वदच्या दशकात आयर्लंड झपाट्याने श्रीमंत झाला आणि देश म्हणून त्या रेषेच्या वर गेला. मग सरकारने देशाचे दोन प्रदेश पाडले, म्हणजे निदान गरीब भागाला तरी निधी चालू राहील. यादीत केरी आणि क्लेअर या काउंट्याही घातल्या होत्या, पण युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाने त्या मान्य केल्या नाहीत. १९९९ मध्ये दोन प्रादेशिक सभा स्थापन झाल्या. शतकभर डब्लिनमधून चाललेल्या कारभारात प्रदेशाची नवी पायरी! संस्था मोजणाऱ्या अभ्यासात हा युरोपीयकरणाचा ठसठशीत पुरावा ठरेल. पण या सभांना लोक थेट निवडून देत नव्हते, कर लावायचा अधिकार नव्हता, खरी सत्ता मंत्रालयातच राहिली. नकाशा बदलला, सरकार फारसं बदललं नाही. समान वेतनाच्या वेळी नवी संस्था न उभारता सरकारचा हात धरला गेला, इथे संस्था उभी राहिली आणि हात मोकळाच राहिला. त्यामुळे 'नव्या संस्थांची संख्या' हा व्हेरिएबल कुणी घेतला असेल तर मला त्या प्रबंधाची काळजी वाटते.

पाण्याकडे येते, कारण जीव तिथे अडकलाय. आयर्लंडमध्ये २०१४ नंतर घरगुती पाणीपट्टीवरून प्रचंड मोर्चे निघाले. सगळीकडे एकच सूर : ट्रॉयकाने लादलं. २०१० च्या कर्ज-कराराच्या अटींत पाणीपट्टी होती हे खरंच. पण मीटर लावून पाणीपट्टी घ्यायची, हे तिथल्या आघाडी सरकारने ऑक्टोबर २००९ च्या आपल्या कार्यक्रमातच लिहिलं होतं, कर्ज घ्यायच्या वर्षभर आधी. श्रेय द्यायला युरोप सोयीचा, तसा दोष द्यायलाही. पुढे २०१६ मध्ये पाणीपट्टी स्थगित झाली आणि २०१७ मध्ये जवळपास गुंडाळली गेली. युरोपीय संघाचं सदस्यत्व, त्याचा पाणी-निर्देश, सगळं जागेवर असताना! १९७६ मध्ये बंद झालेली परतीची वाट २०१६ मध्ये उघडी कशी राहिली? इथे नागरिकाच्या हातात ११९ सारखं कलम नव्हतं, आणि कर्जाचा कार्यक्रम २०१३ च्या अखेरीस संपल्यावर नकार देणारंही कोणी उरलं नव्हतं, असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण त्यावर माझं काम चालू आहे.

कुणाला वाटेल, एवढा कीस कशाला? युरोपमुळे झालं म्हटलं काय आणि न म्हटलं काय. मला फरक पडतो. डिसेंबर १९७२ च्या त्या अहवालामागे नोकऱ्या सोडाव्या लागलेल्या बायका होत्या, वर्षानुवर्षं निवेदनं देणाऱ्या संघटना होत्या. कारणाच्या रकान्यात नुसतं 'युरोप' लिहिलं की त्या सगळ्या जणी तक्त्यातून गळतात. आणि पाणीपट्टीच्या रकान्यात नुसतं 'ट्रॉयका' लिहिलं की आपल्या मंत्रिमंडळाचा निर्णय दुसऱ्याच्या नावावर खपवणारे सुटतात.

त्या वाचकाला मी एवढंच लिहिलं : 'सदस्य देश' सगळे सोड, एक देश आणि एक धोरण घे. ज्या वर्षी सरकारला मागे फिरायचं होतं असं एखादं वर्ष शोध. तेव्हा सरकारने काय मागितलं, कोणी नाकारलं, कशाच्या जोरावर, हे कागदपत्रांतून लिही. सदस्य नसलेला एक देश शेजारी ठेव, तो दूषित असला तरी, फक्त कुठे दूषित आहे ते प्रामाणिकपणे सांग. आणि शीर्षकातला 'परिणाम' शेवटचं प्रकरण होईपर्यंत पेन्सिलीने लिहून ठेव.

त्याचं उत्तर आलं : "मॅडम, पण गाईड म्हणतात शीर्षक बदलायचं तर पुन्हा समितीपुढे जावं लागेल." तर त्या अर्जाचं कसं करायचं, त्यावर पुढच्या पोस्टमध्ये.